एका बोटाची परवानगी

ऑफिसात तिला सगळे कात्रीताई म्हणत. कुठल्याही ॲपची स्क्रीन तिच्यापुढे ठेवली की ती आधी मोजायची, माणसाला इथे किती वेळा बोट लावावं लागतं. मग कापायला बसायची. सात वेळांचं काम तीनवर, तीनचं एकावर. नवरा म्हणायचा, "हिच्या हाती घराचा जिना दिला तर ही एकेक पायरी काढून टाकेल, आणि मग आपण सगळे घसरत खाली." ती हसायची. तिला ते कौतुकच वाटायचं.

दीड वर्षापूर्वी तिच्या कंपनीकडे शाळांच्या ॲपचं काम आलं. शाळा सुटल्यावर मूल कुणाच्या हाती द्यायचं, त्याची परवानगी पालकांनी फोनवरून द्यायची, असं ते ॲप. पहिली आवृत्ती दुसऱ्याच कुणी केलेली होती आणि खरोखर कटकटीची होती. न्यायला आलेल्या माणसाचा फोटो फाटकावर काढायचे. तो पालकाच्या फोनवर जायचा. पालकाने ॲप उघडायचं, कोड घालायचा, आलेल्या माणसाचं नाव स्वतः टाइप करायचं, मूल कुठे चाललंय ते लिहायचं आणि मग परवानगी द्यायची. तोवर फाटकाशी रांग, पाठीवर दप्तरं घेऊन उन्हात उभी पोरं, आणि तक्रारींचा ढीग. 'माझ्याच आईला माझी मुलगी न्यायला पाठवते, त्यासाठी मी निबंध लिहू का?' असं एका बाईने लिहिलं होतं. कात्रीताईने ते वाक्य मोठ्या अक्षरांत छापून टीमच्या भिंतीवर चिकटवलं.

आणि तिने निबंध कापला. नाव टाइप करायला नको, यंत्र चेहरा ओळखतं. कुठे चाललंय ते नको, वाचतंय कोण. कोड नको. शेवटी ॲप उघडणंही नको. फोनवर आलेली सूचना अंगठ्याने उजवीकडे सरकवली की फाटकावर हिरवा दिवा.

टीममध्ये एक वयस्कर प्रोग्रामर होते, त्यांना सगळे बुवा म्हणत. ते म्हणाले, "निदान वर्षातून एकदा यादीतली नावं पुन्हा तपासून घ्या. वर्षभरात माणसं बदलतात गं."

"बुवा, पुन्हा वाचायला लावलं तर कुणीही वाचत नाही. नुसतं होय, होय दाबत सुटतात. मग उगाच त्रास कशाला?"

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. बुवांनी मान हलवली आणि विषय संपला. परवानगीचा सरासरी वेळ एकोणीस सेकंदांवरून एका सेकंदाच्या आत आला. तिच्या मुलीच्या शाळेत जुनीच आवृत्ती होती. तिथेही ही नवी आली, तेव्हा तिने घरी येऊन दोनदा सांगितलं.

मुलगी सहा वर्षांची. घास गालात साठवून ठेवायची सवय, म्हणून घरात तिला खारू म्हणत. शाळा सुटली की पाळणाघरवाल्या काकू तिला आणि आणखी तीन मुलांना घेऊन जात. रोज नेणाऱ्या म्हणून त्यांचं नाव यादीत पक्कं होतं, त्यांच्यासाठी परवानगीही लागत नसे. यादीतलं दुसरं कुणी आलं तरच सूचना येई.

त्या मंगळवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी काकूंचा फोन आला.

"अगं, खारूला आज तू नेलंस का?"

"नाही. का?"

"मी फाटकावर उभी आहे. बाकीची तिघं आली, खारू नाही. इथल्या बाई म्हणतात, ती मघाशीच गेली."

"कुणाबरोबर गेली?"

"ते मला कसं माहीत? तुझी परवानगी होती म्हणतात."

तिने काकूंना फोन चालू ठेवायला सांगितलं आणि ॲप उघडलं. नोंद होती. एक वाजून त्रेचाळीस मिनिटं. आलेली व्यक्ती, आजोबा. परवानगी, आई. लागलेला वेळ, शून्य पूर्णांक सात सेकंद.

तिला त्यातलं काहीच आठवेना. त्या सुमाराला ती एका फॉर्मच्या रांगा सरळ करत बसली होती. फोन दोन-तीनदा थरथरला होता. पार्सल आलं होतं, चार वाजताच्या मीटिंगची आठवण होती, आणि बहुधा हे. समोरून नजर न काढता तिने अंगठ्याने सगळं बाजूला सारलं होतं, टेबलावरचे ब्रेडचे कण सारावेत तसं. तिने फोटो मोठा करून पाहिला. सूचनेच्या पट्टीत मावावा म्हणून तो तिनेच बारीक करून घेतला होता. पांढरे केस, एक कान, कपाळाचा तुकडा.

ते आप्पा होते, तिचे सासरे. गेल्या आठ महिन्यांत त्यांना कुणीही एकटं बाहेर सोडलं नव्हतं. सकाळी ते बरे असत, पेपर वाचत, सासूबाईंच्या चुका काढत. दुपार झाली की त्यांच्या डोक्यातली वर्षं एकमेकांत मिसळत. त्याआधी एकदा ते तीन तास सापडले नव्हते, आणि सापडले ते एका अनोळखी माणसाच्या गॅरेजमध्ये, स्टुलावर बसून आपला नंबर यायची वाट बघताना. कुठल्या नंबराची, ते त्यांना सांगता आलं नाही. दोन वर्षांपूर्वी, सगळं ठीक होतं तेव्हा, दर मंगळवारी तेच खारूला आणत. म्हणून नाव यादीत. काढायचं राहून गेलं होतं. कुणी विचारलंच नव्हतं.

तिने काकूंना तिघांना घेऊन घरी जायला सांगितलं आणि सासूबाईंना फोन लावला.

"आई, आप्पा कुठे आहेत?"

"झोपलेत की. का गं?"

"एकदा बघून या."

पावलं वाजली, दार वाजलं, आणि पावलं घाईने परत आली.

"अगं, पलंगावर नाहीत," सासूबाई म्हणाल्या. आवाज खाली गेला होता. "बूटही नाहीत. मी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले होते. दहा मिनिटं, फार तर पंधरा. फोन त्यांचा इथेच उशीवर आहे."

"खारू त्यांच्याबरोबर आहे, आई."

पलीकडे त्या खाली बसल्या असाव्यात. खुर्ची करकरली.

नवरा एका बोगद्याच्या कामावर होता आणि संध्याकाळपर्यंत तिथे फोन लागत नसे. तिने निरोप ठेवला, काय बोलली ते तिलाच कळलं नाही, आणि पर्स उचलून धावत खाली आली. टॅक्सीतून पोलिसांना फोन केला. पलीकडचा हवालदार शांतपणे लिहून घेत होता.

"म्हणजे मुलगी स्वतःच्या आजोबांबरोबर गेली."

"हो, पण त्यांना काही आठवत नाही. ते कुठेही जातील."

"आणि त्यांच्याबरोबर पाठवायची परवानगी कुणी दिली?"

"मी," ती म्हणाली.

त्याने तेही लिहून घेतलं. "बरं. गाडीला कळवतो. तुम्ही शाळेत पोहोचा."

शाळेच्या फाटकावर अकरा वर्षं एकच बाई होत्या. गणवेशाचा कोट, हातात टॅबलेट. तिला बघून त्या उठून उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा आधीच उतरला होता.

"दिवा हिरवा झाला, म्हणून सोडलं मी," त्या म्हणाल्या. "आजोबांना मी ओळखते. तेही माझ्याशी नीट बोलले, नमस्कार केला."

"कुठे नेतोय असं काही म्हणाले?"

"विचारलं नाही मी." बाई टॅबलेटकडे बघत म्हणाल्या. "पूर्वी विचारायचे. तिथे रकानाच होता, कुठे जाणार म्हणून. पालकांनी लिहिलेलं आणि न्यायला आलेला सांगतो ते जुळलं नाही तर मी मूल थांबवून ठेवायचे. आता दिवा लागला की मागची रांग ओरडते, सोडा म्हणून. माझ्या तोंडातला प्रश्नच गेला."

"कुठल्या बाजूला गेले?"

"डावीकडे. आठवतंय, कारण मला जरा हसू आलं होतं. खांद्यावर घडी केलेला टॉवेल होता त्यांच्या, आणि गळ्यात शिट्टी."

पोलिस आले तर त्यांना तलावावर पाठवा, असं बाईंना सांगून ती टॅक्सीकडे धावली.

आप्पा एकतीस वर्षं सरकारी तलावावर पोहायला शिकवत होते. अर्ध्या गावाने त्यांच्या शिट्टीवर हातपाय मारले होते. तो तलाव बंद पडून चार वर्षं झाली होती. बसमधून जाताना तिने तो कितीदा पाहिला होता. कुंपणाची जाळी एका कोपऱ्यात फाटलेली, वर पत्र्याची पाटी, आणि आत साठलेलं, शेवाळलेलं हिरवं पाणी. खोल बाजू पावणेचार मीटर. हा आकडा आप्पा जेवताना सांगत. खारूला पोहता येत नव्हतं. तिला पाण्याची भीतीही नव्हती, आणि तेच वाईट होतं.

शाळेपासून तलाव पायी पंधरा मिनिटं. टॅक्सी चौकात अडकली, तेव्हा ती उतरून पळत सुटली. तीन वाजायला दहा मिनिटं कमी होती. एक त्रेचाळीसपासून एक तास सात मिनिटं झाली होती. तिचा धंदाच सेकंदांचा, त्यामुळे डोकं थांबेना. एक तास सात मिनिटं म्हणजे चार हजार वीस सेकंद. लहान मूल पाण्याखाली किती सेकंद राहू शकतं, हे तिने कधीतरी कुठेतरी वाचलं होतं. तो आकडा साठ होता की नव्वद, ते आठवेना, आणि आठवू नये म्हणून ती पळता पळता दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचू लागली. चष्मे. किल्ल्या. सायकल दुरुस्ती. लोक वळून बघत होते.

फाटक्या जाळीपाशी खारूचं दप्तर पडलं होतं.

ती वाकून आत शिरली. ब्लाउजची बाही तारेत अडकून फाटली. आत फरशांच्या फटींतून गवत वर आलं होतं. पाय धुवायच्या हौदाशी दोन जोड बूट ठेवलेले, एक मोठा, एक इवलासा, टाचांना टाचा लावून. माणसाचा आवाज नव्हता. कुठेतरी नळ ठिबकत होता. 

तेवढ्यात शिट्टी वाजली, एकदाच, आखूड.

कपडे बदलायच्या खोल्यांना वळसा घालून ती पलीकडे आली. उथळ बाजूला, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांपैकी सगळ्यांत वरच्या, कोरड्या पायरीवर खारू बसली होती. तिचे केस ओलेचिंब होते. शेजारी, एक पायरी खाली आप्पा उभे, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, एक हात कठड्यावर, दुसऱ्या हातात खारूचं मनगट. त्यांच्या पावलांखालच्या पायरीला हिरवी बुळबुळ आली होती आणि तिसरी पायरी पाण्यात गेली होती.

ती पुढे झेपावणार, तोच आप्पांनी मान वळवली.

"पालकांनी कुंपणाबाहेर थांबायचं," ते म्हणाले. "धडा चालू आहे."

त्यांनी तिला ओळखलं नव्हतं. तो आवाज घरातला नव्हता, खणखणीत होता, पन्नास मुलांवर चालणारा. ती एक पाऊल पुढे आली, तसे ते खारूला धरून अर्धं पाऊल मागे, पाण्याकडे सरकले. त्यांचा अनवाणी पाय शेवाळावर थोडा घसरला आणि सावरला.

ती जागच्या जागी थांबली. तिला कळलं, की आता ओरडून, ओढून काही होणार नाही. पंचाहत्तरीचा माणूस आणि सहा वर्षांचं मूल, दोघंही एका झटक्यात खाली जातील. ती हळूच फरशीवर बसली. 

"थांबते," ती म्हणाली. "मास्तर, आज पाण्यात उतरवणार का तिला?"

"आज?" आप्पा चक्क रागावले. "आज पहिला दिवस आहे. पहिले आठ दिवस पाणी नुसतं बघायचं. बादलीत तोंड घालायचं, वीस मोजायचे, पुन्हा घालायचं. नवव्या दिवशी घोटे."

"आई, मी पाच वेळा विचारलं," खारू पायरीवरून म्हणाली. ती अगदी कंटाळली होती. "आप्पा जाऊच देत नाहीत. सारखे प्रश्नच विचारतात."

"प्रश्न विचारल्याशिवाय एक पायरी नाही," आप्पा म्हणाले. "खोल बाजू कुठली?"

खारूने बोट दाखवलं.

"बोलून सांग."

"ती. झाडाकडची."

"शिट्टी वाजली की?"

"कठडा धरायचा आणि वर यायचं."

"मास्तर दिसले नाहीत तर?"

"पाण्यात नाही जायचं. कोण म्हणालं तरी नाही."

"पुन्हा सांग."

खारूने सुस्कारा सोडला आणि पुन्हा सांगितलं. एक तास तेच चाललं असणार. त्या एका तासात तिची मुलगी बुळबुळीत पाण्यापासून दोन पायऱ्यांवर बसून होती, आणि ज्याला आज कुठला वार आहे ते ठाऊक नव्हतं, त्या माणसाने तिला एक पायरीही खाली उतरू दिली नव्हती. आई फरशीवर बसून बघत राहिली.  पाय घसरला तर कुठून पकडायचं, आधी कुणाला, हे ती मनात पुन्हा पुन्हा ठरवत होती.

पाचेक मिनिटांनी आप्पांनी लांब शिट्टी दिली. धडा संपला. खारूला पुढे घालून, तिच्या मागे एकेक पाऊल चाचपत ते वर आले. टॉवेलने त्यांनी तिचे केस पुसले, कानांच्या मागून, मानेखालून, घाई न करता. मग आई उठून जवळ आली आणि तिने हात पुढे केला.

आप्पांनी खारूला आपल्या पाठीमागे घेतलं.

"आपण कोण?"

"मी हिची आई."

"असं सगळेच म्हणतात. मी मूल असं कुणाच्याही हाती देत नाही." ते खाली वाकले. "बाळ, या कोण?"

"आई आहे," खारू तिच्याकडे न बघताच म्हणाली. ती मोजे शोधत होती.

"न बघता सांगू नकोस. नीट बघ आणि मग सांग."

खारूने मान वर केली आणि बघितलं. फाटलेली बाही, घामाने चिकटलेले केस, चेहरा. बराच वेळ बघितलं.

"आईच आहे," ती म्हणाली. "रडतेय."

मग आप्पांनी तिचा हात आईच्या हातात दिला. दिल्यावरही क्षणभर दोघींचे हात आपल्या मुठीत धरून ठेवले, खात्री झाल्यासारखे सोडले, आणि एकदम त्यांचा चेहरा मोकळा, रिकामा झाला. त्यांनी आजूबाजूला बघितलं. "इतकं घाण पाणी कुणी ठेवलंय?" त्यांनी हळूच विचारलं. "मुलं कुठे गेली?"

पोलिसांची गाडी बाहेर आली तेव्हा ती त्यांना बूट घालत होती.

दुसऱ्या दिवशी तिने टीमपुढे सगळं सांगितलं. नोंदीची स्क्रीन दाखवली, शून्य पूर्णांक सात सेकंद.  टीमप्रमुख चांगला माणूस होता, पण तो म्हणाला, "वाईट झालं. पण एका प्रसंगासाठी चाळीस हजार पालकांना रोज शिक्षा करायची का?"

"मी माझी परवानगी वाचलीच नाही," ती म्हणाली. "वाचायची गरजच पडू नये असं मी ते बनवलं होतं. बाकीचे वाचतात, असं तुम्हाला वाटतं का?"

तीन आठवडे भांडण चाललं. सगळं काही तिला मिळालं नाही. फोटो मोठा झाला. सूचना सरकवून परवानगी देणं बंद झालं. न्यायला आलेल्याचं नाव पालकाने स्वतः लिहायचं. आणि नेहमीचा माणूस नसेल, तर मूल कुठे चाललंय तेही. फाटकावरच्या बाईंच्या टॅबलेटवर तो रकाना परत आला. यादीतली नावं दर सहा महिन्यांनी आपोआप पुसली जाणार आणि नव्याने घालावी लागणार, ही बुवांच्या मागणीहूनही कडक अट मात्र तिने हट्टाने मिळवली.  बुवांनी तिच्यासाठी चहा आणून ठेवला.

सरासरी वेळ चौदा सेकंदांवर गेला. ॲपचं रेटिंग पडलं. दोन शाळा सोडून गेल्या. 'रोज रोज हा काय छळ' असं लिहिणाऱ्या पालकांना ती स्वतः उत्तर द्यायची, पण मंगळवारची गोष्ट कुणाला सांगायची नाही. भीती मात्र गेली नाही. फोन थरथरला की अंगठा अजूनही आपसूक पुढे जाई, आणि ती दुसऱ्या हाताने त्याला धरून ठेवी.

नवऱ्याने सासूबाईंच्या दाराला वरच्या बाजूला एक जास्तीची कडी बसवली. आप्पांची नजर तिथवर जात नसे. त्याच्या पुढच्या रविवारी ती एकटीच तिथे गेली. आप्पा आतून दाराशी उभे होते. खालची कडी त्यांनी काढली होती, आणि दार का उघडत नाही ते न कळून परत परत ओढत होते. डोळ्यांत तीच घाबरी घाई होती, जी घेऊन ती त्या दिवशी रस्त्याने पाट्या वाचत पळाली होती. सासूबाई मागे उभ्या राहून पदराने तोंड पुसत होत्या.

"आप्पा, कुठे जायचंय?" तिने खिडकीतून विचारलं.

"तलावावर. मुलं थांबली असतील."

"कोण येतंय बरोबर?"

ते विचारात पडले. "तुम्ही येता?"

"येते."

सासूबाईंनी वरची कडी काढली. तिने आप्पांच्या कोपराला धरलं आणि दोघं रस्त्याला लागले, तलावाच्या उलट दिशेने. चालता चालता तिने पहिल्या दिवसाचा धडा विचारला. त्यांनी सांगितला. दुसऱ्याचा सांगितला, पाचव्याचा, आठव्याचा. कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबापाशी ते थांबले.

"नवव्या दिवशी," ते म्हणाले, आणि पुढे त्यांना काही आठवेना. त्यांनी तिच्या हाताची पकड घट्ट केली. रस्त्यावरची माणसं दोघांना वळसा घालून जात होती. तिला उत्तर माहीत होतं. तरी ती बोलली नाही, त्यांच्या शेजारी उभी राहिली.